मणिकर्णच्या स्फटिकाला गावाचं नाव मिळू द्या : खाण ब्यूरोला खुलं पत्र

प्रति,
मा. महानियंत्रक, भारतीय खाण ब्यूरो, सिव्हिल लाइन्स, नागपूर
मा. महासंचालक, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, कोलकाता

विषय : हिमालयात हातानं वेचल्या जाणाऱ्या स्फटिकांची नोंद आणि ते वेचणाऱ्यांना परवाना मिळण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार.

केंद्रीय खाण मंत्रालयानं फेब्रुवारी 2025 मध्ये क्वार्ट्ज (ज्याचे हे स्फटिक असतात ते खनिज), फेल्डस्पार, अभ्रक आणि बेराइट ही चार खनिजं गौण खनिजांच्या यादीतून उचलून प्रमुख खनिजांत आणली. त्याच्या दहा वर्षं आधी, 2015 मध्ये, हीच खनिजं गौण ठरवून राज्यांकडे सोपवली गेली होती. या बदलामागचं कारण मला पटतं. पेग्मटाइट नावाच्या खडकात क्वार्ट्ज आणि फेल्डस्पारच्या सोबतीनं लिथियम, बेरिलियम, टँटलम यांची खनिजं असतात. गौण खनिजाचा पट्टा घेणारा ती जाहीर करत नाही, काढतही नाही, आणि देशाला हवी असलेली धातूसंपत्ती डबराबरोबर निघून जाते. तेव्हा या खडकांवर केंद्राची नजर असावी, हे योग्यच.

पण या निर्णयामुळे क्वार्ट्जचा सगळा कारभार आता आपल्या नियमांखाली आला आहे, आणि म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहितो आहे. मी भूविज्ञान शिकवतो. नागपुरातच राहतो, आपल्या मुख्यालयावरून येणं-जाणं असतं. विद्यार्थ्यांच्या सहलींच्या निमित्तानं हिमाचलात अनेकदा गेलो आहे. ज्या क्वार्ट्जबद्दल मला बोलायचं आहे तो टनांत मोजला जात नाही. काच कारखान्यात जात नाही, त्याचा खाणपट्टा नसतो, त्याच्यासाठी कुणी जेसीबी लावत नाही. कुल्लू जिल्ह्यातल्या पार्वती खोऱ्यात, बर्फ सरल्यावर उंच कड्यांच्या कपारींतून गावातली माणसं तो हातानं काढतात आणि पाठीवरून खाली आणतात. मणिकर्णला गुरुद्वाऱ्याच्या आणि राममंदिराच्या आसपासच्या दुकानांत तो विकायला असतो. सहा बाजूंचा, टोकदार, कधी पाण्यासारखा निर्मळ, कधी पोटात क्लोराइट या हिरव्या खनिजाचा थर धरून बसलेला.

महाराष्ट्रातून सार पासच्या ट्रेकला दरवर्षी तरुण मुलं-मुली जातात. कसोल हा त्यांचा तळ असतो, तिथून मणिकर्ण हाकेच्या अंतरावर. त्यांतले बरेच जण असा एखादा स्फटिक घेऊन परततात. पुढं काय होतं? तो शोकेसमध्ये बसतो. वर्षभरानं विचारलं तर उत्तर मिळतं, ‘हिमालयातला आहे.’

हिमालय पूर्व-पश्चिम सुमारे 2,400 किलोमीटर पसरला आहे. ‘हिमालयातला’ हा पत्ता होऊ शकत नाही.

पत्त्याचा आग्रह कशासाठी, हे आपल्या खात्यांतल्या भूवैज्ञानिकांना सांगण्याची गरज नाही. पण पत्र खुलं आहे, म्हणून इतर वाचकांसाठी थोडं सविस्तर लिहितो. पर्वत उचलला जात असताना खडक ताणले जातात, त्यांना भेगा पडतात. त्या भेगांत खोलवरचं तापलेलं पाणी शिरतं. आजूबाजूच्या खडकातली सिलिका, म्हणजे क्वार्ट्ज जिचा बनतो ते द्रव्य, विरघळवून घेतलेलं हे पाणी हळूहळू निवतं आणि भेगेच्या भिंतींवर स्फटिक धरू लागतात. भेग उघडी राहिली, मोकळी जागा मिळाली आणि घाई झाली नाही, तरच ती सुरेख टोकं तयार होतात. वाढता वाढता स्फटिक त्या पाण्याचे सूक्ष्म थेंब पोटात कोंडून ठेवतो. प्रयोगशाळेत स्फटिकाची पातळ चकती तापवली की थेंबातला बुडबुडा कोणत्या तापमानाला नाहीसा होतो ते पाहता येतं. त्यावरून स्फटिक वाढत होता तेव्हा ते पाणी निदान किती गरम असलं पाहिजे, हे कळतं. थेंब गोठवून पाहिला तर त्यातल्या क्षारांचा अंदाज येतो. क्लोराइटचा हिरवा पापुद्रा आत अडकलेला असेल तर वाढ कुठं थांबली आणि पुन्हा कुठून सुरू झाली, तेही दिसतं. धुरकट रंग सांगतो की सिलिकॉनच्या जागी थोडं अ‍ॅल्युमिनियम बसलं आहे आणि भोवतालच्या खडकातल्या नैसर्गिक किरणोत्सारानं त्यावर दीर्घकाळ काम केलं आहे.

म्हणजे पर्वत घडतानाचं पाणी आजही या दगडांत शाबूत आहे. मणिकर्णला हे विशेष जवळचं वाटतं, कारण तिथं जमिनीतून उकळतं पाणी आजही वर येतं. लंगरचा भात त्या कुंडात शिजतो. आपल्याच सर्वेक्षणानं 1970 च्या दशकात तिथं भूऔष्णिक ऊर्जेसाठी विंधनविवरं घेतली होती. वरच्या कपारीतला स्फटिक आणि खालच्या कुंडातलं पाणी यांचं नातं काय, हा प्रश्न पीएचडीच्या विद्यार्थ्याला पुरून उरेल असा आहे. पण स्फटिक कोणत्या कपारीतला, किती उंचीवरचा, कोणत्या खडकातला, हे ठाऊक नसेल तर त्याच्या पोटातल्या थेंबाची मोजणी करून हाती काय येणार? तापमानाचा आकडा मिळेल. तो कुठं लावायचा, ते कळणार नाही.

मणिकर्णच्या एका दुकानात मी विचारलं होतं, हा कुठून आणला? दुकानदार म्हणाला, ‘ऊपर से.’ मी पुन्हा विचारलं, वर म्हणजे कोणत्या नाल्याच्या बाजूला? तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. पुढं ओळख वाढल्यावर त्याच्याकडे माल आणून देणारे एक वयस्क गृहस्थ भेटले. उन्हाळ्यात मेंढरांबरोबर वर जातात, गुच्छी ही रानातली अळंबी वेचतात, येताना स्फटिक आणतात. त्यांना नाला, धार, कपार, तिथल्या दगडाचा रंग, सगळं तोंडपाठ होतं. स्फटिक कोणत्या थरात लागतो आणि कोणत्या थरात वेळ घालवू नये, हे त्यांनी मला काडीनं मातीत रेषा ओढून दाखवलं. मी वही काढली तसे ते गप्प झाले. ‘लिहू नका साहेब,’ एवढंच म्हणाले.

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. खाण आणि खनिज कायदा, 1957 च्या अक्षरावर बोट ठेवलं तर परवान्याशिवाय खनिज काढणं, वाहून नेणं, साठवणं हा गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाखांपर्यंत दंड. ही कलमं डोंगर पोखरणाऱ्या वाळूमाफियांसाठी आणि खाणचोरांसाठी आहेत, आणि त्यांच्यावर ती आणखी कडकपणे लागू व्हावीत. पण पिशवीत पाच-सात स्फटिक घेऊन उतरणारा म्हातारा माणूस त्याच वाक्यात कशाला यावा? वनहक्क कायदा, 2006 नं मध, बांबू, तेंदूपानं, औषधी मुळं यांवर गावाचा हक्क मान्य केला. त्यातही गौण वनोपज म्हणजे वनस्पतिजन्य वस्तू अशी व्याख्या आहे, दगड त्यात बसत नाही. एकाच माणसाच्या एकाच पिशवीतली गुच्छी हक्काची आणि स्फटिक चोरीचा, अशी ही स्थिती आहे. ज्याला आपण गुन्हेगार ठरवून ठेवलं, तो आपल्याला काहीच सांगणार नाही. हिमालयातल्या स्फटिकांविषयीचं सगळं ज्ञान आज अशा माणसांच्या डोक्यात आहे आणि त्यांच्याबरोबरच जाणार आहे.

याच्या उलट चित्र स्वित्झर्लंडमध्ये आहे. तिथं आल्प्समधल्या स्फटिक शोधणाऱ्यांना श्ट्रालर म्हणतात. हा शेकडो वर्षांचा व्यवसाय आहे, शेती आणि गुरं सांभाळून केलेला. ऊरी प्रांतात त्यासाठी परवाना काढावा लागतो आणि तो गावकऱ्यांची सामायिक मालकी सांभाळणारी जुनी संस्थाच देते. एखाद्याला कपार सापडली की तो तिथं आपलं अवजार ठेवतो, त्यावर नाव आणि साल असतं. दुसरा श्ट्रालर त्या कपारीला हात लावत नाही. स्विस नागरी कायद्याच्या 724 व्या कलमानुसार वैज्ञानिक मोलाची नैसर्गिक वस्तू सापडली तर ती प्रांताच्या मालकीची होते, आणि शोधणाऱ्याला रास्त मोबदला मिळतो. शोधणाऱ्याला चोर न ठरवताही सरकार आपला हक्क राखू शकतं, हे या एका कलमात दिसतं.

यातून विज्ञानाला मिळालं ते थोडं नाही. 1868 मध्ये टीफेन हिमनदीजवळच्या कपारीतून निघालेले काळसर धुरकट स्फटिक आज बर्नच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहेत. त्यांतल्या मोठ्यांचं वजन शंभर किलोच्या वर आहे. प्लांगेनश्टॉकच्या कड्यात 2005 मध्ये दोन श्ट्रालरना मिळालेला खजिनाही 2011 पासून तिथंच सर्वांना पाहता येतो. ग्रिमसेलला 1974 मध्ये जलविद्युत प्रकल्पासाठी बोगदा खणताना स्फटिकांनी भरलेली अख्खी कपार उघडी पडली. स्फटिक उपटून विकण्याऐवजी बर्न प्रांतानं ती कपार जशी होती तशी संरक्षित केली. सुमारे 1 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचे ते स्फटिक आजही आपापल्या जागी आहेत आणि लोक बोगद्यात जाऊन ते पाहतात.

मला सर्वात मोलाचं वाटतं ते मात्र ऊरीतल्या फुओर्कला दा श्ट्रेम सुट या खिंडीचं उदाहरण. सुमारे 2,800 मीटर उंचीवरची ही जागा. हिमनदी मागं सरकली आणि बर्फाखालून जुनी लाकडं आणि हरणाची शिंगं वर आली. 2013 मध्ये ती पाहिली एका श्ट्रालरनं. त्यानं ती उचलून घरी नेली असती किंवा दरीत भिरकावली असती, तरी कुणाला कळलं नसतं. त्यानं कळवलं. पुरातत्त्वज्ञ गेले आणि ध्यानात आलं की मध्याश्मयुगातली माणसं, म्हणजे शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधीची, हत्यारांची पाती करण्यासाठी एवढ्या उंचीवर स्फटिक काढायला येत होती. पुढं तिथं उत्खनन झालं. युरोपच्या प्रागितिहासात एक नवं पान जोडलं गेलं, कारण कड्यावर फिरणारा एक माणूस सरकारी कचेरीत न घाबरता जाऊ शकत होता.

हिमालयातल्या हिमनद्याही मागं सरकत आहेत. पार्वती खोऱ्यात, लाहौलमध्ये, झांस्करमध्ये बर्फाखालून काय काय उघडं पडत असेल, ते सर्वात आधी तिथले मेंढपाळच पाहणार. त्यांनी कुणाला कळवावं, अशी आपली इच्छा आहे?

गिर्यारोहणाचा इतिहासही इथं आठवतो. 8 ऑगस्ट 1786 रोजी आल्प्समधल्या माँ ब्लाँचं शिखर पहिल्यांदा गाठणाऱ्या दोघांपैकी मिशेल पकार डॉक्टर होते, आणि झाक बाल्मा शामोनीचे शिकारी आणि स्फटिकशोधक. उंच बर्फावर पाय कसा टाकायचा, हे स्फटिक शोधणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होतं. आपल्याकडच्या ट्रेकिंग संस्थांनी ही परंपरा आपली मानावी असं मला फार वाटतं. सह्याद्रीत ‘पाऊलखुणांशिवाय काही मागं ठेवू नका’ असं सांगणारी ही मंडळी मणिकर्णला ‘स्फटिकाचं गाव विचारून घ्या’ एवढं सहज सांगू शकतील.

पहारा बसवणं हा यावरचा उपाय नाही, याचा अनुभव आपल्या देशालाही आहे. किश्तवाडमधल्या पाडर भागात, सुमजामजवळ, साडेचार हजार मीटरच्या आसपास 1881 च्या सुमारास दरड कोसळली आणि नीलम उघडे पडले. सुरुवातीला लाहौलचे व्यापारी ते सिमल्याकडे नेऊन मातीमोलानं विकत. मोल कळताच काश्मीरच्या महाराजांनी जागेवर पहारा बसवला. त्यानंतर काही वर्षांतच मुख्य ठेवा उपसून संपला. आपल्या सर्वेक्षणाचे भूवैज्ञानिक ला टूश तिथं पोचले तेव्हा त्या प्रसिद्ध जागेत फारसं काही उरलं नव्हतं. जगातले सर्वोत्तम मानले जाणारे ते नीलम आज परदेशी लिलावांत दिसतात. कपारीतल्या मूळ मांडणीची तपशीलवार नोंद व्हायला हवी होती, तेव्हा तिथं शिपाई उभे होते.

महाराष्ट्राचा अनुभवही याला जोडून सांगतो. आमच्या बेसाल्टमधले अ‍ॅपोफायलाइट, स्टिल्बाइट, ह्युलँडाइट आणि वाघोलीच्या खाणीतला निळाशार कॅव्हानसाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. भोर घाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला तेव्हापासून हे नमुने परदेशी जात आले. त्यांतल्या कितीतरी नमुन्यांच्या चिठ्ठीवर फक्त ‘पूना’ लिहिलेलं असतं, मग तो नाशिकचा असो, जळगावचा असो की आणखी कुठला. व्यापाऱ्यांनी खाण लपवली, कामगाराला कुणी विचारलं नाही, खाण पुढं पाण्यानं भरली किंवा त्यावर इमारती उभ्या राहिल्या. आता ती जागा शोधून सापडत नाही. सिन्नरला ‘गारगोटी’ संग्रहालय उभं राहिलं म्हणून या खजिन्याचा काही भाग इथल्या मुलांना पाहता तरी येतो. दख्खनमध्ये जे हातचं गेलं ते हिमालयात जाऊ देऊ नये, म्हणून एवढ्या कळकळीनं लिहितो आहे.

बाजाराबद्दलही बोललं पाहिजे. स्फटिकाच्या माळा, शिवलिंग, श्रीयंत्र यांना आपल्याकडे श्रद्धेचं स्थान आहे आणि त्या श्रद्धेचा मी आदर करतो. पण अलीकडे ‘18 हजार फुटांवरचा’, ‘हिमनदीतून निघालेला’, ‘रोग बरे करणारा’ असे शब्द लावून ऑनलाइन जे विकलं जातं, त्यात फसवणूक उघड आहे. स्फटिकानं आजार बरा होत नाही. माळेचे मणी कित्येकदा साध्या काचेचे असतात, आत गोल बुडबुडा दिसला की काच ओळखावी. आणि खरा स्फटिक असला तरी तो हिमालयातला की ब्राझीलमधला, हे नुसतं पाहून सांगता येत नाही. वर चढून जाणाऱ्या माणसाला मिळतात ते थोडके रुपये, आणि उंचीची गोष्ट रचणाऱ्याला त्याच्या कितीतरी पट. मूळ ठिकाणाची खरी नोंद सुरू झाली तर सर्वात आधी फायदा होईल तो पार्वती खोऱ्यातल्या वेचणाऱ्याचा, कारण त्याच्या मालाला त्याच्या गावाचं नाव मिळेल.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. क्वार्ट्ज प्रमुख खनिज झाल्यानंतर त्याच्यासाठी जे नियम, विवरणपत्रं आणि खाण योजना आपण लागू करता, त्यांत यंत्राविना, सुरुंगाविना, हातानं वेचलेल्या नमुना-स्फटिकांचा वेगळा आणि स्पष्ट उल्लेख व्हावा. उद्योगाच्या दृष्टीनं या स्फटिकांचं महत्त्व आता जवळपास उरलेलं नाही. घड्याळांना आणि रेडिओला लागणारा क्वार्ट्ज कधीपासून कारखान्यात दाबाखाली तयार होतो. त्यामुळे महसूल बुडण्याची भीती नसावी. परवाना स्थानिकांनाच मिळावा, ग्रामसभेमार्फत मिळावा, फी नाममात्र असावी. सुरुंग आणि ड्रिल यांना पूर्ण बंदी असावी. खिरगंगा आणि ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत वेचणी नको, तिथं दगड जागेवरच राहू द्यावेत. वर्षाला किती वजन काढता येईल यावर मर्यादा हवी, आणि ती ठरवताना त्या मेंढपाळांना समोर बसवून विचारावं. कोणत्या कपारी रित्या होत आल्या आहेत, ते त्यांना ठाऊक आहे.

परवान्याच्या बदल्यात वेचणाऱ्यानं एकच गोष्ट द्यावी, प्रत्येक खेपेची नोंद. नाला, धार, अंदाजे उंची, सोबतचा खडक आणि कपारीचा मोबाइलवर काढलेला एक फोटो. ही नोंद हिंदीत, त्यांच्या बोलीत, तोंडी सांगूनही देता यावी. नेमकी जागा जाहीर करू नये, ती सर्वेक्षणाच्या दफ्तरात बंद राहावी. नाहीतर वर्षभरात तिथं बाहेरची टोळी पोचेल. दुकानदारानं विकताना खोऱ्याचं आणि गावाचं नाव असलेली चिठ्ठी द्यावी, तेवढं गिऱ्हाइकाला पुरे. आणि एखादा नमुना विज्ञानासाठी खरोखर अमोल निघाला तर सर्वेक्षणानं तो योग्य दाम देऊन घ्यावा. जप्त करू नये.

भूवारसा स्थळांच्या जतनासाठी मंत्रालयानं डिसेंबर 2022 मध्ये एका विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला होता. त्यात जागा ताब्यात घेण्याबद्दल आणि शिक्षेबद्दल पुष्कळ होतं. त्या जागा पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्या गावकऱ्यांना मात्र त्यात भागीदार करून घ्यायला हवं. हिमालयातली एक तरी स्फटिक-कपार, ग्रिमसेलसारखी, जशीच्या तशी राखून ठेवण्याची तरतूद त्यात व्हावी आणि तिची राखण शेजारच्या गावाकडे पगारी सोपवावी.

हे सगळं एकदम होणार नाही, मला कल्पना आहे. सुरुवात म्हणून एवढं करावं : येत्या उन्हाळ्यात सर्वेक्षणाचा एक भूवैज्ञानिक आणि ब्यूरोचा एक अधिकारी, गणवेशातल्या पोलिसांशिवाय, मणिकर्णला पंधरा दिवस राहायला पाठवा. सोबत लेखी आश्वासन द्या की या भेटीत सांगितलेल्या कोणत्याही गोष्टीवरून कुणावर खटला भरला जाणार नाही. माझे विद्यार्थी नोंदी घ्यायला स्वखर्चानं येतील, मीही येईन. आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला विश्वासू,
भूविज्ञानाचा एक शिक्षक, नागपूर